आडवी कुंडी

खालच्या मजल्यावरच्या माळीकाकांनी एकेचाळीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिबागेत काढली. ते निवृत्त झाले त्याच वर्षी बाग सपाट करून तिथे गाड्या लावायची सोय झाली. काकांनी कुणाशी वाद घातला नाही. एका कुंडीत बारा कंद घालून ते घरी आले. बागेतलं एवढंच उरलं.

कंद बोराएवढे, वर तपकिरी पापुद्रा. बागेतल्या पाटीवर लांबलचक शास्त्रीय नाव होतं, पण काका त्याला शरदफूल म्हणत. या झाडाचं सगळं उलटं. उन्हाळाभर आणि पावसाळ्यातही मातीवर काहीच नसतं. शरदात उघड्या मातीतून बिनपानांचा बोटभर दांडा वर येतो आणि त्यावर फिकट जांभळी, सहा पाकळ्यांची फुलं खालून वर उमलत जातात. फुलं सरत आली की दोऱ्यासारखी पानं निघतात, थंडीभर कंदाला पोसतात आणि ऊन तापलं की वाळतात.

"आधी लग्न, मग घर शोधायचं," काका म्हणायचे. "पण संसार टिकतो बरं का."

पहिलं फूल उमललं की ते कुंडीला बांधलेल्या पत्र्याच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने तारीख लिहायचे. शाई उडते, शिसं राहतं, असं त्यांचं म्हणणं. पट्टीवर एकही वर्ष चुकलेलं नव्हतं.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात निघताना घाईघाईत माझ्या हातात किल्ली दिली. "ताई, झाडांना पाणी घाला."

त्यांच्या बाल्कनीच्या कोपऱ्यात एक कुंडी आडवी पडली होती, माती कोरडीठाक. मांजराने पाडली असेल म्हणून मी ती उभी केली, माती थोपटली आणि रोज तांब्याभर पाणी घालू लागले. माझी लेक त्याच महिन्यात शिकायला दूर गेली होती. आठवडा झाला तरी काही उगवेना, तेव्हा मी संध्याकाळीही पाणी सुरू केलं.

तीन आठवड्यांनी काका परतले. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"ही कुणी उभी केली?"

"मी. पडली होती ना."

"पडली नव्हती. निजवली होती."

आडवी कुंडी म्हणजे पाणी बंद, ही बागेतली खूण. तिथे ती सगळ्यांनाच ठाऊक होती. मला ती सांगायला हवी, हे काकांच्या मनातच आलं नव्हतं.

त्यांनी वर्तमानपत्रावर कुंडी उपडी केली आणि एकेक कंद माझ्या हातात दिला. "दाबून बघा. मऊ लागला तर बाजूला." नऊ मऊ लागले. एक तर बोटातच फुटला. त्याचा कुजकट वास दोन दिवस हाताला येत होता. मला रडू आलं.

काकांनी मऊ कंद कागदात गुंडाळून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तुम्हा आयांना भरवल्याशिवाय चैन पडत नाही. निजलेल्यालासुद्धा उठवून भरवाल." आणि विचारलं, "लेकीला दिवसातून किती फोन करता?"

"तीन."

"बघा."

तीन कंद त्यांनी कोरड्या मातीत लावले, कुंडी आडवी केली आणि माझ्याकडे दिली. मी नको नको म्हणत होते.

"माझा भरवसा नाही आता. पहाटे पांघरूण लागायला लागलं की उभी करा. एकदा पाणी घाला. मग हात मागे."

उन्हाळा सरायच्या आत काका गेले. त्यांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. पावसाळाभर कुंडी माझ्या बाल्कनीत छपराखाली आडवी राहिली. केर काढताना मी तिच्या कडेकडेने झाडू फिरवत असे.

गेल्या महिन्यात एका पहाटे पांघरूण ओढावं लागलं. मी कुंडी उभी केली, एकदाच पाणी घातलं. पंधरा दिवस काही नाही. वीस दिवस काही नाही. तांब्या मी बाल्कनीतून आत नेऊन ठेवला.

आज सकाळी एक दांडा वर आलेला दिसला. पान एकही नाही. सगळ्यात खालचं फूल उमललं होतं.

पट्टीवर काकांच्या शेवटच्या तारखेखाली मी शिसपेन्सिलीने आजची तारीख लिहिली. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा मोठं आलं. लेकीला फोन करून सांगितलं, आजचा तो एकच फोन.

उरलेल्या दोन कंदांचं अजून कळलेलं नाही. माती जराशी उकरून बघावी असं दिवसभर वाटत राहिलं. बघितलेलं नाही.