खंड वाढवला त्या वर्षी

शहाडच्या पुढे, नदीच्या अंगाला आमची भाताची थोडी खाचरं आहेत. आजोबांनंतर बाबांनी आणि काकांनी ती वाटून घेतली. मधल्या बांधाच्या अलीकडची बाबांची, पलीकडची काकांची. बाबा कल्याणला माझ्याकडे राहतात, काका ठाण्यात माजिवड्याला एका उंच इमारतीत. दोघांनी आयुष्यभर नोकऱ्या केल्या, नांगर कधी धरला नाही. दोन्ही बाजूंचं शेत कसायची ती गावातली मावशी, नात्यातली नव्हे. आधी तिचा नवरा कसायचा. तो गेल्यावर तिनेच सगळं अंगावर घेतलं. भात झोडून, सडून झालं की दोन्ही घरी ठरलेला तांदूळ पोचायचा. हाच आमचा खंड. कागद नाही, सही नाही.

त्या तांदळाबरोबर ती न मागता बरंच काही आणायची. वालाच्या शेंगा, कोवळी भेंडी, गवती चहाची जुडी. एकदा बाबांना ताप आलेला तिला कुठून तरी कळलं, तर पिशवीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन दारात उभी. "याचा सार करून पाज त्यांना, बाय," म्हणाली आणि मला जमेना म्हणून पदर खोचून स्वतःच ओट्याशी उभी राहिली. बाबा तिला वहिनी म्हणायचे, ती त्यांना भाऊ.

मग सरकारने भाताला बोनस जाहीर केला. सरकारी केंद्रावर भात घातला की हमीभावावर वरचे पैसे मिळणार होते. सातबारा आमच्या नावावर असला तरी केंद्रावर भात घालायला आम्ही दोन्ही घरांनी मावशीला संमती लिहून दिलेली, त्यामुळे बोनस तिच्याच खात्यात जमा झाला. तिने देवळात नारळ फोडला आणि आम्हाला पेढे आणून दिले.

पेढे खाल्ले त्याच आठवड्यात काकांचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकत होते.

"दादा, आजूबाजूच्या सगळ्यांनी खंड वाढवलाय. आपणच का मागे राहायचं?"

"अरे, पण बोनस तिचा आहे. राबते ती."

"जमीन आपली आहे ना? जमिनीतून जास्त मिळायला लागलं तर जमिनीचं भाडंही वाढणारच. फ्लॅटचं नाही का, स्टेशन जवळ आलं की भाडं वाढतं. आणि एका बांधाला दोन दर बरे दिसतात का?"

बाबा शेवटच्या वाक्याला नमले. धाकट्या भावाशी वाकडं व्हायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. रविवारी आम्ही शेतावर गेलो. बाबांनी खूप आढेवेढे घेत, घसा खाकरत, पुढच्या सुगीपासून एक पोतं वाढवायचं सांगितलं. मावशी विळ्याला धार लावत होती. ती थांबली नाही.

"बरं," म्हणाली. "सगलेच वारवतान. तुमी तरी काय करनार?"

भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या सुगीला वाढीव पोतं आलं, अगदी वेळेवर. पण मावशी आत आली नाही. "रिक्षा थांबलीय, बाय," म्हणाली आणि उंबऱ्यातून वळली. त्या हिवाळ्यात वाल आले नाहीत, भेंडी आली नाही. बाबा दुपारी जेवताना अधूनमधून विचारायचे, "वहिनी आली नाही गं बरेच दिवस?" मी म्हणायचे, कामात असेल. ती रोज पहाटे कल्याणच्या बाजारात भाजी घेऊन येते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमचं घर बाजाराच्या वाटेवरच आहे.

एका दुपारी बाबा ताटावर बसून राहिले. पुढ्यात तिच्याच तांदळाचा भात होता. "आपल्याला एक पोतं जास्त मिळालं," ते हळूच म्हणाले, "आणि एक माणूस कमी झालं."

त्या वर्षी बोनस जाहीरच झाला नाही. आज होईल, उद्या होईल म्हणून लोकांनी वाट पाहिली. पण वाढलेले खंड कुठेच खाली आले नाहीत. वाढवताना सगळ्यांना बोनस आठवलेला. तो गेल्यावर खंडाचा विषय कुणी काढेना. बाबांनी काकांना फोन केला. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी येईल ना बोनस. एकदा कमी केलं की परत वाढवता येत नाही, दादा."

बाबांनी फोन ठेवला, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल."

मावशी अंगणात काकड्यांची प्रतवारी करत होती. बाबा पायरीवरच बसले.

"वहिनी, यंदापासून आमच्या बाजूचा खंड पहिल्यासारखा. सरकारने दिलं तरी तेवढाच, नाही दिलं तरी तेवढाच."

तिने मान वर केली. "धाकल्या भावानं सांगितलं का असा?"

"नाही. तो त्याचं बघेल. हे माझं."

"मंग खरं सांगू? त्यांची बाजू मी सोरते. एक वर्स वारीव खंड दिला, आता जमत नाय. तुमची पन सोरनार व्हते. सांगाला तोंड व्हत नव्हतं."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. मावशी आत गेली आणि चहा घेऊन आली. कप ओठाला लावून मग ती तिच्या नातवाच्या शाळेबद्दल बोलत राहिली, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

काकांना वाटलं होतं दुसरा कुणी मिळेल. मिळाला नाही. त्या पावसात बांधाच्या अलीकडे भात पोटरीला आला, लोंब्या धरू लागला आणि पलीकडे नुसतं गवत माजलं. दिवाळीनंतर काका बघायला आले तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. ते बांधावर उभे राहिले. आजोबा या खाचरांत आपल्याला खांद्यावर बसवून आणायचे, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "दादाला सांग ना तिच्याशी बोलायला."

बाबा तयार झाले नाहीत. "तू स्वतः बोल. मी शेजारी बसतो."

मावशीच्या पायरीवर तसेच बसले दोघे. काका ऑफिसात फार बोललेला माणूस, पण तिथे त्यांना सुरुवातच सापडेना. शेवटी म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं. जुन्या खंडावर परत घ्या."

"घेन," मावशी म्हणाली, "पन एक हाय. बोनस आला, गेला, त्याच्यावर खंड हलाचा नाय. पीक बुडला तर तुमी बी थोरा कमी घ्या. पीक बरा आला तर मी आपनहून जास्त देन."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा नदीकडे बघत होते, मुद्दामच. "कबूल," काका म्हणाले.

यंदा बोनस पुन्हा जाहीर झालाय. शेजारच्या खाचरांचे खंड परत चढलेत म्हणे. आमच्याकडे कुणी तो विषय काढला नाही. लावणीच्या दिवशी काका माजिवड्याहून सकाळीच आले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि तिसऱ्याच पावलाला बसकण मारली. मावशी आणि बायका इतक्या हसल्या की आवणाची रोपं हातातून सुटली. बांधावरून बाबा ओरडले, "अरे, हात दे त्याला कुणीतरी!" आणि स्वतःच चपला काढून खाली उतरले.