पारायणात बंद ठेवलेली कॅप्सूल

देवावर माझा विश्वास कधी डळमळला नाही. माझा अविश्वास होता तो डॉक्टरांवर. आणि गंमत म्हणजे बिबवेवाडीतल्या ज्या दवाखान्यावर मी सदान्कदा नाक मुरडत आले, तिथेच आम्ही तीस वर्षं जातोय. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आधीच तिथे बाकावर टेकायला जागा मिळत नाही. दोन खोल्या, आत सासरे आणि सून. मोठे डॉक्टर आता पंचाहत्तरीला आले आहेत. हाताला गुण आहे, पण बोलणं असं की ताप उतरेल, ते बोलणं उतरणार नाही. "चार दिवस खोकला आहे" म्हटलं की विचारणार, "मग तीन दिवस काय ऐकत बसला होतात?" त्यातून माझी कायमची सल ही, की त्या दवाखान्यात देवाची एक तसबीर नाही. एकदा मीच दत्ताचा छोटा फोटो घेऊन गेले होते. "इथे लावा, पेशंटला धीर येईल," म्हटलं. तर म्हणाले, "बाई, राहू द्या त्यांना घरीच. इथे सगळे खोकतात." बाकावरचे लोक हसले. मी महिनाभर तिकडे फिरकले नाही.

त्यांची सूनही डॉक्टर, सगळे पेशंट तिला सूनबाईच म्हणतात. माहेर वाशीमकडचं, त्यामुळे पुण्यात इतकी वर्षं काढूनही मधूनच "काका, तुम्ही पाणी कमी पिऊन राहिले" असं तोंडात येतं. स्वभावानं मऊ, पण प्रश्न फार. काय खाल्लं, झोप कशी आहे, गोळी जेवणाआधी घेता की नंतर, हाताने घेता की कोणी देतं. मला वाटायचं, हिला निदान जमत नाही म्हणून ही एवढी उलटतपासणी. मी शाळेत हेडक्लार्क होते. प्रश्न विचारणं हे माझं काम, दुसऱ्याने मला विचारलेलं मला सोसत नाही. हा माझा जुना रोग आहे आणि तो मी कोणत्याच डॉक्टरला कधी सांगितला नव्हता.

मागच्या वर्षी जेवता जेवता ह्यांचं तोंड एकाएकी वाकडं झालं आणि पंधरा मिनिटांत आपोआप सरळही झालं. मोठ्या डॉक्टरांनी ह्यांची नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही. मग सगळ्या तपासण्या झाल्या. ह्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यातून रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, असं निघालं. रक्त पातळ राहावं म्हणून एक कॅप्सूल सुरू झाली, सकाळी एक, संध्याकाळी एक. "काकू, जेवण चुकलं तरी चालेल, ही चुकवायची नाही," असं सूनबाईंनी मला बजावलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, मला काय शिकवता, मी चाळीस माणसांची हजेरी बघितलेली बाई आहे.

दत्तजयंतीच्या आधी सात दिवस आमच्या घरी पोथीचं पारायण असतं. सासूबाईंनी ते माझ्या हाती सोपवलं आणि मी एकही वर्ष चुकवलं नाही. यंदाचा संकल्प ह्यांच्या प्रकृतीसाठीच होता, म्हणून सोवळंही कडक ठेवलं होतं. एकवेळ जेवण, चटईवर झोप, बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. हेसुद्धा माझ्याबरोबर सगळे नियम पाळायला तयार झाले, याचा मला केवढा आनंद! आणि नेमकं दोन दिवस आधी भजनी मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, कॅप्सूलचं वरचं आवरण जनावराच्या हाडांपासून करतात म्हणे. मोबाइलवर आलं होतं." झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. पोथीसमोर बसणाऱ्या माणसाच्या पोटात हाडं? दवाखान्यात फोन करून विचारावं असं मनात आलं, पण मोठे डॉक्टर काय बोलतील ते मला तोंडपाठ होतं. पहिल्या दिवशी मी पाकीट कपाटात ठेवून दिलं. ह्यांनी विचारलं, "डॉक्टरांना विचारलंस का?" मी म्हटलं, "हो, सूनबाईंना विचारलं. सात दिवस नाही घेतली तर चालेल म्हणाल्या." सोवळं नेसून, देवासमोर उभं राहून मी हे बोलले आणि माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. वर स्वतःची समजूत घातली की ज्यांच्यासाठी हे चाललंय ते दत्तमहाराज बघून घेतील. यालाच मी शरण जाणं समजत होते.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी वाचत बसले होते. पारायणाच्या दिवसांत दर्शनाला कोणी ना कोणी येतं, म्हणून दार लोटलेलंच असतं. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना बघायला सूनबाई आल्या होत्या. लिफ्ट बंद. जिना चढताना नेमका आमच्या दाराशी त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला. त्या दारातूनच म्हणाल्या, "काका, एखादी सेफ्टी पिन मिळेल का हो?" हे उठले, डबी आणली, आणि त्यातली पिन काही ह्यांना उचलता येईना. एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली. "चहा घ्या" म्हणाले, तर शब्द तोंडात लापशीसारखे झाले होते. हे सगळं मला दिसत होतं. ऐकूही येत होतं. पण अध्यायाच्या मध्येच उठायचं नसतं, म्हणून मी वाचतच राहिले. सूनबाई आत आल्या. "काका, दोन्ही हात वर करा बरं. हसून दाखवा." उजवा हात खाली आला. "काकू, उठा," त्या म्हणाल्या, आणि मी, देवा शप्पथ सांगते, मी त्यांना हाताने 'थांबा' अशी खूण केली. वीसेक ओव्या राहिल्या होत्या. त्यांनी माझा तोच हात धरला आणि म्हणाल्या, "काकू, पोथी थांबेल. हे थांबणार नाही." मग मात्र मी पोथी सोडून उठले.

शेजारच्यांच्या मदतीने ह्यांना खाली नेलं आणि सूनबाईंच्या छोट्या गाडीत घातलं. तुटकी चप्पल आमच्याच दारात राहिली, बाई अनवाणीच गाडी चालवत होत्या. वाटेत त्यांनी हॉस्पिटलला फोन करून सगळं सांगितलं आणि मला एवढंच विचारलं, की काका शेवटचं नीट कधी बोलले होते. नऊ वाजता, मी म्हटलं. हॉस्पिटलमध्ये ह्यांना लगेच मेंदूच्या स्कॅनला नेलं. तिथला एक तरुण डॉक्टर कागद घेऊन माझ्यासमोर आला. रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, शेवटचं कधी घेतलं? मी म्हटलं, "हो, चालू आहे. रोज वेळेवर घेतात. आज सकाळीही घेतलं." तो लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "मग अवघड आहे. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं, पण हे औषध पोटात असताना ते दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो." आणि तो सूनबाईंकडे बघायला लागला.

ते इंजेक्शन ठरलेल्या वेळेतच देता येतं, हे माझ्यासमोरच बोलणं झालं होतं. म्हणजे माझ्या एका शब्दावर ह्यांचा हात, पाय, वाचा, कदाचित जीवसुद्धा लटकलेला होता. हे कळत असूनही माझं तोंड उघडेना. ती लाज कशी असते ते मला लिहिता येणार नाही. सूनबाई माझ्या खुर्चीपुढे उकिडव्या बसल्या. "काकू, आमची आईपण उपवासाला गोळी नाही घेत. लपवते माझ्यापासून. मी रागावणार नाही, कोणीच रागावणार नाही. फक्त किती दिवस, ते सांगा." मी डोळे मिटून महाराजांना हाक मारली. काही मागायला नाही, नुसती हाक. आणि माझ्या कानांनी मी ऐकलं, मी म्हणत होते, "आज चौथा दिवस. मी बंद केली. एकही दिली नाही." हे शब्द कोणी बोलवून घेतले यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. घाईघाईने रक्त तपासलं, माझं बोलणं खरं निघालं, आणि वेळ टळायच्या आत इंजेक्शन दिलं गेलं. संध्याकाळी ह्यांनी उजव्या हाताची बोटं हलवली तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसून मोठ्याने रडले. नर्सने पाणी आणून दिलं, ते मी सोवळ्यात असूनही घटाघटा प्यायले.

पण खरी परीक्षा अजून पुढेच होती. तिसऱ्या दिवशी सूनबाई वॉर्डात ह्यांना बघायला आल्या, तर हे जड जिभेने म्हणाले, "तुम्हीच... बंद करायला... सांगितलंत." सूनबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग ह्यांची चादर नीट करत म्हणाल्या, "आता रोज घ्यायची, काका. कुठलंच कारण नाही चालणार." एवढंच. नाही म्हणाल्या नाहीत आणि हो तर नाहीच नाही. आणि मी? मी खाली मान घालून मोसंबं सोलत बसले. घरी आल्यावर ह्यांनी खराडीला राहणाऱ्या धाकट्या भावाला फोन लावला आणि अडखळत अडखळत सगळं सांगितलं, की त्या डॉक्टरणीच्या सल्ल्याने हे झालं, तिथे कोणी जाऊ नका. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. देवापुढे रोज नाक घासत होते, चूक झाली, चूक झाली म्हणत होते. पण फोनपाशी काही गेले नाही.

आठवडाभराने ह्यांचे कागद दाखवायला दवाखान्यात गेले. आत मोठे डॉक्टर एकटेच होते. सूनबाईंची माफी मागायला आले आहे म्हटलं, हाडांच्या आवरणाचं ऐकून कॅप्सूल बंद केली तेही सांगितलं, तर म्हणाले, "ती म्हणाली, आत्ता घरात वाद नकोत, त्यांचं ब्लडप्रेशर वाढायला नको. आमची थोडी बदनामी झाली तर खपते, जुना दवाखाना आहे." मग चष्मा काढून म्हणाले, "आणि त्या कॅप्सूलचं आवरण वनस्पतीचंच आहे. विचारलं असतंत तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं." मी म्हटलं, डॉक्टर, रोज देवाला सांगते आहे हो मी. तर हा माणूस, ज्याच्या भिंतीवर देवाला जागा नाही, मला म्हणतो, "तुमच्या देवाला सगळं कळतं ना?" हो, म्हटलं. "मग त्याला तेच तेच काय सांगताय? ज्याला ठाऊक नाही त्याला जाऊन सांगा." आणि घंटी वाजवून त्यांनी पुढचा पेशंट आत घेतला.

त्या दिवशी मी तिथून थेट घरी आले. हे खुर्चीत बसून उजव्या हाताने रबरी चेंडू दाबायचा व्यायाम करत होते. मी समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांना कधी विचारलंच नव्हतं हे सांगितलं, देवासमोर उभं राहून खोटं बोलले हे सांगितलं, अध्याय पुरा व्हावा म्हणून तुमची दशा दिसत असूनही उठले नाही हेही सांगितलं. ह्यांनी चेंडू बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचा असा अबोला मी पाहिला नव्हता. मी उठून आत गेले. हा माणूस आता माझ्याशी कधीच बोलला नाही तरी माझी तक्रार असणार नाही, असं मनाशी म्हटलं.

मग बाहेर फोनची बटणं वाजली. डाव्या हाताने हे नंबर लावत होते. "बंड्या," हे भावाला म्हणाले, "त्या दवाखान्याबद्दल... मी चुकीचं सांगितलं तुला. डॉक्टरांनी... नव्हतं सांगितलं बंद करायला." तिकडून काहीतरी विचारलं असावं. मी दाराआड उभी होते. "मीच," हे म्हणाले. "मीच घेतली नाही... गोळी. माझाच... मूर्खपणा." आणि फोन ठेवून मला हाक मारली, "अगं, चहा टाक. दोन कप."

तसबिरीपुढे वाकायला मला कधी जड गेलं नाही. तसबीर उलट विचारत नाही. महाराजांनी यंदा मला दोन माणसांपुढे वाकायला लावलं, एक सूनबाई आणि दुसरे हे, आणि दोघांनीही माझं नाव तोंडाबाहेर काढलं नाही. याला मी कृपा म्हणते, बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. ह्यांची वाचा आता बरीच सुटली आहे. त्या दिवशी मी दोन कप चहा केला आणि ह्यांच्याशेजारी जाऊन बसले.