चार बोटं मोकळी जागा

अण्णा आधी माणसाला नमस्कार करत नसत. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात गाडीच्या बोनेटला लावायचे आणि मगच वळून म्हणायचे, "हां, बोला ताई." ईरा, नील, तुम्ही आजीपासून लांब वाढलात, तुम्हाला ते आठवणार नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

भोसरीत त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. घराणं तिथल्या जुन्या गावातलंच. शेतावर कारखाने उभे राहिले आणि अण्णांनी हातात पाना घेतला. डाव्या कानापासून गळ्यापर्यंत त्यांची कातडी भाजून आक्रसलेली होती. नव्या गिऱ्हाइकाची नजर तिथे अडली की ते स्वतःच सांगत, "बावीस वर्साचा हुतो. घाई केली. टोपण उघाडलं." मग पाना उचलून कामाला लागत.

कुणी कारण विचारलंच तर मात्र काम थांबवून सांगत. "पानी तापलं की फुगतं, त्याला जागा लागती. टोपण घट्ट हाय तवर दाबाखाली गप ऱ्हातं, शंभराच्या वर गेलं तरी उकळत न्हाई. तुमी टोपण काढलं की दाब गेला. मग समदं एकदम उकळतं, आन् थेट तोंडावर." हे मी शाळेत इंग्रजीतून शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. आमच्या गाडीत तेच चाललेलं असतं, हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

तुम्हाला आपल्या चाकणच्या घरातला रविवार माहीत आहे. डबे पुसायचे, भरायचे, चिठ्ठ्या लावायच्या. अर्धा डबा मला बघवत नाही. त्याच शिस्तीत मी दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची टाकीही काठोकाठ भरत असे. टाकी जुनी, पिवळी पडलेली. तिच्यावरच्या खुणा केव्हाच पुसल्या होत्या. पुढच्या रविवारी पातळी खाली गेलेली दिसे. मी पुन्हा बोअरचं पाणी ओते आणि अण्णांना फोन करून रागावे, "तुमचं काम गळतंय." बिचारे दोनदा आले, गाडीखाली पाठीवर झोपून बॅटरीच्या उजेडात बघून गेले.

"ताई, थेंब न्हाई कुठं."

"मग पाणी पितं कोण?"

"त्येच इचारतोय मी गाडीला," अण्णा म्हणाले. मला विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि सांगायचं मला.

ईरा, तुझ्या जन्माच्या दिवशी तुझ्या आईला भोसरीच्या दवाखान्यात नेलं होतं. तिचे सगळे रिपोर्ट माझ्या फायलीत होते. भर मे महिना, दुपारचे दोन. मोशीजवळ ट्रकांच्या रांगेत आमची गाडी अडकली, तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. आजोबांनी गाडी कडेला घेतली. तेवढ्यात तुझ्या बाबांचा फोन आला, "आई, तिला आत घेतलंय. फाईल कुठंय?" शेअर रिक्षा गच्च भरून जात होत्या, एकही थांबेना. आजोबांनी बोनेट उघडलं आणि खिशातून रुमाल काढला. "बाटलीभर पाणी ओततो, दोन मिनिटांत निघू." तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, माझं कशाला ऐकेल? मी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, वाफ येतेय, हे..." एवढं म्हणते तोवर त्यांनीच विचारलं, "सायबांचा हात कुठं हाय?"

"टोपणावर. रुमाल धरलाय."

"फोन त्यांच्या कानाला लावा. आत्ता."

अण्णा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आजोबांनी हात मागे घेतला, चार पावलं लांब जाऊन उभे राहिले, रुमालाने घाम पुसू लागले. टाकीचं टोपण थरथरत होतं. मी फाईल छातीशी धरून ते बघत राहिले.

अण्णा स्कूटरवरून कडेकडेने आले. आल्याआल्या बोनेटला उलटा हात लावला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मी म्हटलं, "अण्णा, पोरगी आत आहे हो!" ते म्हणाले, "म्हनूनच बसा. आज आपल्यातलं कुनी दवाखान्यात उपचाराला न्हाई जायचं."

अर्ध्या तासाने त्यांनी ओलं गोणपाट टाकून टोपण अगदी थोडं फिरवलं. फुस्स आवाज आला. तो पूर्ण बसेपर्यंत थांबले, मग उघडलं. आतलं पाणी गढूळ, काठाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर.

"ही काठोकाठ कोन भरतं?"

मला खोटं बोलता आलं नाही.

ते रागावले नाहीत. टाकीला बाहेरून चार बोटं लावून म्हणाले, "ताई, एवढी जागा त्याच्या फुगन्याची. तुमी ती भरली की पानी भाईर पडनारच. आन् बोअरच्या पान्यानं नळ्या बुजल्या." मी माफी मागितली. "असू दे," म्हणत त्यांनी नवं कूलंट ओतलं, "आता हळू चालवा."

आम्ही पोहोचलो तेव्हा तू येऊन वीस मिनिटं झाली होती. फाईल कुणी मागितली नाही.

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. टाकीवर त्यांनी खिळ्याने ओढलेली रेघ अजून आहे. रविवारी मी तिच्याखालीच थांबते. आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजोबांच्या ज्या गालाचा पडद्यावरूनच पापा घेता, त्या धड राहिलेल्या गालाकडे मला अजून नीट बघवत नाही. आधी अण्णांचा गळा आठवतो.