खिडकीतली निळी पट्टी

काकीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होतो. "अरुण, नाना गेले रे," एवढंच म्हणाली. महिना उलटला, तरी रविवारी सकाळी पाय आपोआप लालबागकडे वळतात...

नाना माझे धाकटे काका. गिरणीच्या रंगखात्यात होते. नव्या रंगाच्या कापडाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून उन्हात ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी पुठ्ठा काढून रंग किती उतरला ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे इंग्रजीतलं एक क्रियापद त्यांना पक्कं ठाऊक होतं, 'फेड'. बाकीचं इंग्रजी ते त्याचंच बोट धरून शिकले आणि पुढे चाळीतल्या अर्ध्या पोरांना त्यांनी शिकवलं. म्हणायचे, "कंजूष रे हे साहेब लोक! आपल्याकडे रंग विटतो, फूल कोमेजतं, आवाज विरतो, आठवण पुसट होते. ह्यांचं सगळं एकाच शब्दात."

आठवीत मी इंग्रजीत गटांगळ्या खाणार, यावर घरात एकमत होतं. नानांनी मला पुढ्यात घेतलं. ही नवी विद्या मी तातडीने रजेच्या अर्जात वापरली : माझा ताप फेड होत आहे, तरी दोन दिवसांची रजा मिळावी. सरांनी अर्ज घरी पाठवला. नाना पोट धरून हसले. "मेल्या, शब्द बरोबर बसवलास! पण ताप उतरतोय तर शाळेत जा ना!" शब्द बरोबर बसवलास... तेवढ्या कौतुकावर मी पास झालो.

गिरणी बंद पडली, पण नानांच्या खिडकीतल्या पट्ट्या थांबल्या नाहीत. कधी काकीच्या साडीचा तुकडा, कधी माझ्या लग्नातल्या शर्टाचा. मागे पेन्सिलने तारीख.

गेल्या वर्षी माझी बहीण सहा महिन्यांनी पुण्याहून आली आणि दारातच रडायला लागली. "नाना, किती खंगलात हो!" मी दर रविवारी त्यांच्यासमोर बसून, बशीत डोकं घालून काकीची भजी खात होतो. मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. ती गेल्यावर मी चाचरत काहीतरी बोलू लागलो, तर नानांनीच थांबवलं. "रोज बघणाऱ्याला दिसत नाही रे झिला. आमचेपण डोळे फसायचे. म्हणून तर पुठ्ठा." मग म्हणाले, "साहेब विचारायचा, किती गेला? मी सांगायचो, किती टिकला."

परवाच्या रविवारी गेलो. खिडकीत नानांच्या निळ्या सदऱ्याची पट्टी अजून तशीच, अर्धी झाकलेली. मी पुठ्ठ्याला हात घातला.

"हात नको लावू!" काकी आतून ओरडली. "ठरलेला दिवस यायचाय अजून."

"कधी आहे?"

"मागे लिहिलंय त्यांनी. तू बस, भजी गार होतील."

मी बसलो. बशी बाजूला ठेवली आणि काकीकडे नीट बघितलं.

"काय रे, बघतोस काय असा?"

"काही नाही," म्हटलं, "बघतोय."