खुर्चीच्या चार खुणा

आमच्या शेजारच्या टेलरला सगळी गल्ली मोजपट्टी म्हणते. गळ्यात कायम पट्टी, आणि बोलणंही मोजून-मापून. माझं इस्त्रीचं दुकान त्याच्या भिंतीला लागून, त्यामुळे त्याच्या घरातलं मला जितकं माहीत, तितकं त्याच्या मुलालाही नसेल. मुलगा दूरच्या शहरात. आईच्या शेवटच्या आजारात तो उशिरा पोचला, बाप नको ते बोलून गेला, आणि तेव्हापासून तीन वर्षं अबोला.

घरात उरले दोघे: हा आणि गुंडी, त्याची सात वर्षांची तपकिरी कुत्री. कात्री, खडू, शिलाई मशीन, सगळं जागच्या जागी. बायकोची वेताची खुर्चीसुद्धा दाराजवळ होती तिथेच. "अहो, येता-जाता गुडघ्याला लागते, हलवा की ती," मी शंभरदा सांगितलं. ऐकेल तर शपथ!

गेल्या वर्षापासून गुंडी संध्याकाळनंतर बाहेर पडेनाशी झाली. जिन्याच्या तोंडाशी थबकायची आणि मागे फिरायची.

"तिलाही आठवण येते, ताई," मोजपट्टी म्हणाला. "आम्हा दोघांनाही कुठे जावंसं वाटत नाही."

मला भरून आलं आणि मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली की हमखास काहीतरी चुकतं.

शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्याने एका सकाळी खुर्ची उचलली. आधी तिच्या चारी पायांभोवती खडूने खुणा केल्या, जशा कापडावर करतो तशा, आणि मग ती खिडकीकडे नेली. थोड्या वेळाने गुंडी आतून धावत आली ती थेट खुर्चीवर आदळली. उठली, पुन्हा आदळली. भर उजेडात.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीही बरोबर गेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं.

"डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय. आई-बापाकडून आलेला दोष आहे. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग उजेडातलं. औषध नाही, पण दुखतही नाही. इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"घरात काही हलवलंच नव्हतं," मोजपट्टी पुटपुटला. गुंडीला अख्खं घर तोंडपाठ होतं.

"हिला पिल्लं?"

"एकच जगलं. चार वर्षांपासून मुलाकडे आहे."

"त्यालाही असू शकतं. कळवा त्याला. आणि त्याच्यापासून पुढे पिल्लं होऊ देऊ नका."

चार दिवस हा फोन समोर ठेवून बसला. एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. मग माझं डोकं फिरलं. "पोटच्या पोराशी बोलायला मुहूर्त काढताय का?" त्याने माझ्यासमोरच नंबर लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "गुंडीला दिसत नाही. तुझ्याकडच्यालाही तपासून घे." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "सामान एकदा लावलं की हलवू नकोस. जिन्याला फळी लाव. आधी हाक मार, मग हात लाव." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"ते पिल्लू वर्षापासून आंधळंच आहे. काय करावं ते मला विचारायचं होतं त्याला. दहा वेळा फोन हातात घेतला म्हणे, आणि ठेवला." खाण तशी माती, माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं.

त्याने खुर्ची उचलली आणि चारही पाय नेमके खुणांवर टेकवले. गुंडी आली, खुर्चीला बरोबर वळसा घालून दाराशी जाऊन बसली.

"वर्षभर त्याला माझी गरज होती, ताई," तो म्हणाला. "आता विचारत होता, पलंग कुठे ठेवू, टेबल कुठे ठेवू. काय सांगणार? मी त्याचं घरच पाहिलेलं नाही."