सुधाच्या बाबांच्या टाकीत संगमरवराची खडी

मंडळी, आज जिंकलो.

सुधाच्या बाबांचे आफ्रिकन सिक्लिड मासे कन्हान नदीच्या वाळूवर फिके पडून कोपऱ्यात बसायचे. त्यांना चुन्याचं जड पाणी लागतं. मागच्या आठवड्यात मी तोंडावर म्हटलं, "काका, ही वाळू फेका."

"कॉलेज सोडून आता मले शिकवून राहिला का गा?"

डोकं फिरलं. मोझॅक फरशीच्या कारखान्यातून संगमरवराची बारीक खडी आणली आणि त्यांच्यासमोर तिच्यावर लिंबू पिळलं. खडी फसफसली, म्हणजे तिच्यात चुना होता. हाच चुना पाण्यात उतरणार होता. काकांनी वाळू काढून खडी टाकली.

आज गेलो तर निळाशार नर खडी उकरून घर करत होता. काका टाकीपुढून हलेनात.

"सुधा, याले चहा ठेव वं."

त्या घरात आजवर मला पाणीसुद्धा मिळालं नव्हतं. आता चहाच्या पुढचं, सुधाचं, कधी विचारू, सांगा.