यंदाचा साकव

मुंबईच्या चुलतभावांनी व्हॉट्सअॅपवर बेत ठरवला. गणपतीला आलो की नदीपलीकडच्या रानातून धबधब्यावर जायचं, पोरांना सगळं दाखवायचं. डबे कोण आणणार याचीसुद्धा यादी झाली, खाली सगळ्यांचे अंगठे पडले. साकवाचं नाव कुणी काढलं नाही.

पोफळीच्या खोडांचा तो पूल दर मे महिन्यात नव्याने बांधावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात पलीकडे पाऊल टाकता येत नाही. वडील होते तोवर ते हाका मारून वाडी गोळा करायचे. लहानपणी या प्रत्येक भावाने तिथे दोरी धरली आहे. वडील गेल्यावर यंदा मी हाका मारल्या. दोन म्हातारे आले आणि चहा पिऊन गेले. भाऊ तेव्हा इथेच होते. आंब्याच्या पेट्या गाडीत भरत होते.

काल धाकट्याचा फोन आला. “दादा, साकव बांधलास ना?”

“बांधला की,” मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं, तर गौरीपर्यंतही कुणी थांबलं नसतं. आणि मला घरात चार दिवस माणसं हवी होती.